निवृत्त करा

आमच्या केंद्रातली मुलं बोटाने बोलतात. काहींना तोंडाने बोलता येणार नाही, काहींना येईल पण अजून आलेलं नाही, आणि एकदोघांना येतं की नाही हे त्यांनी अजून कुणाला कळू दिलेलं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात पट्ट्याला अडकवलेला टॅब असतो आणि टॅबवर चित्रांचे चौकोन. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब म्हणतो "पाणी", दाराच्या चित्रावर ठेवलं की "बाहेर". एकापुढे एक बोटं ठेवत गेलं की वाक्य होतं. टॅब म्हणजे त्यांचं तोंडच. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या सोमवारी आम्ही सगळे एवढे का घाबरलो ते समजेल.

या टॅबांची देखभाल माझ्याकडे. ढब्बू झाली तेव्हा मी हे काम सोडणार होते. ढब्बू म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव सुंदर आहे, पण गालांकडे बघितलं की ते कुणाच्या ओठांवर येतच नाही. तिला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून राजीनामा द्यायलाही मी तिला कडेवर घेऊनच गेले. थोरल्या बाईंनी तो कागद घेतला, उभी-आडवी घडी घालून त्याचा पंखा केला आणि ढब्बूच्या हातात दिला. हे केंद्र बाईंनीच सुरू केलेलं, त्यामुळे त्यांनी कागदाचं काहीही केलं तरी विचारणार कोण. "कॉम्प्युटरच्या खोलीत टेबलाखाली गादी मावते," त्या म्हणाल्या. "मी मापून ठेवलंय." समजूत नाही, उपदेश नाही. माझा राजीनामा ढब्बूने चोखून संपवला आणि माझी नोकरी त्या गादीवर टिकली.

पूर्वी एखाद्या मुलाला नवा शब्द हवा असला की त्याचा टॅब माझ्या टेबलावर यायचा. वायर लावायची, शब्द आत घालायचा, नीट ऐकू येतो का बघायचं. तेवढा वेळ ते मूल मुकं. काही मुलं माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी राहायची, दात काढायला आल्यासारखी. सुट्टीच्या आधी तर टेबलावर टॅबांची चळत आणि दाराबाहेर चिडीचूप मुलांची रांग. ढब्बूला पाजताना मी ती रांग बघायची आणि मला वाटायचं, हे काही खरं नाही.

म्हणून मी विश्वस्तांच्या मागे लागले की आपण टॅबांचा सगळा कारभार क्लाउडवर नेऊ. टॅब घरी असो, बागेत असो, आजारी मुलाच्या उशाशी असो. मी इथे बसून शब्द पाठवला की तिथे उमटेल. हरवला तर शोधता येईल, चुकीच्या हातात पडला तर इथून कुलूप लावता येईल. थोरल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आभाळातून कारभार." त्या दिवसापासून त्या व्यवस्थेचं नाव आभाळ पडलं. "आभाळाला विचारलंस का?", "आभाळ काय म्हणतंय?" असं बाई अगदी गंभीर चेहऱ्याने विचारत.

सुरुवात करणं म्हणजे काय, हे मी ढब्बू झोपली की त्या व्यवस्थेच्या माहितीपुस्तकात वाचायची. प्रत्येक टॅबची आभाळाशी ओळख करून द्यायची, त्यांचे गट पाडायचे, कुठल्या गटाला कुठले नियम ते ठरवायचं. टॅबला नाव काय द्यायचं यावरून पहिला वाद झाला. पुस्तकात लिहिलं होतं, क्रमांक द्या. बाई म्हणाल्या, तोंडाला कुणी क्रमांक देतं का. मग मुलांची लाडाची नावंच टॅबांना पडली. पुढचा प्रश्न, टॅब कुणाच्या नावावर नोंदवायचा. त्याला मोठ्या माणसाचं नाव लागतं आणि ईमेल लागतो. पालकांपैकी निम्म्यांकडे ईमेल नव्हता. बाईंनी हात झटकला. "घाल सगळी माझ्या नावावर. एरवी कुणाच्या नावावर आहेत?"

तशी घातली.

नियमही ठरवले. मुलांनी चाळा करू नये म्हणून सेटिंग झाकून टाकलं. कुणी शब्द चोरू नये, पुसू नये म्हणून वायरने काही काढता-घालता येणार नाही असं केलं. आणि जो टॅब आठवडाभर आभाळाकडे हजेरी लावणार नाही तो स्वतःहून कुलूप लावून घेईल, असंही. पुस्तकात आणखी एक होतं: किल्ली एकाच माणसाच्या हातात ठेवू नका. म्हणून दुसरी किल्ली मी अध्यक्षकाकांना दिली.

अध्यक्षकाका आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यभर टपाल खात्यात काम केलेले, अतिशय सज्जन, आणि कुठलीही गोष्ट पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणारे. त्यांना सोपं जावं म्हणून मी त्या पडद्याची भाषा बदलून मराठी करून दिली होती.

आता गप्पी.

गप्पी आठ वर्षांची आहे. तोंडातून एक शब्द नाही, पण टॅब हातात आला की थांबत नाही, म्हणून गप्पी. इतर मुलांच्या टॅबवर थोरल्या बाईंचा आवाज आहे. गप्पीच्या टॅबवर तिच्या ताईचा. गप्पीला पहिल्यांदा टॅब मिळाला तेव्हा तिने बाईंचा आवाज ऐकला आणि टॅब पलंगाखाली सरकवून दिला. तेव्हा तिच्या ताईने, तीही तेव्हा लहानच, घरी बसून सगळे शब्द पुन्हा बोलून भरले. त्या दिवसांत ताईचे पुढचे दात पडलेले होते. त्यामुळे गप्पी सायकलला "शायकल" म्हणते, साबणाला "शाबण" आणि सशाला "शशा". केंद्रात आता पाहुण्यांखेरीज कुणी ससा म्हणत नाही.

ताईला दात आल्यावर बाईंनी एकदा तिच्याकडून शब्द नव्याने म्हणवून घेतले होते. छान, स्वच्छ आले. गप्पीने एकदा ऐकलं आणि ती गप्प बसली. दुखलं तरी नाही, भूक लागली तरी नाही. शेवटी बाईंनी टॅबमध्येच झाकून ठेवलेले जुने शब्द परत लावले तेव्हा तिचं पहिलं वाक्य आलं, "पाणी. पाणी. पाणी." तेव्हापासून आम्हाला सगळ्यांना पक्कं माहीत होतं की तो बोबडा आवाज म्हणजे ताईचा आवाज नाही, तो गप्पीचा आहे. ताई फक्त तो देऊन मोठी झाली.

बाईंच्या आवाजातले शब्द मी आभाळात आधी चढवले, कारण ते बहुतेक मुलांचे. केंद्राची इंटरनेटची लाइन रांगत चालते. गप्पीचा टॅब आभाळाला जोडून झाला होता, तिचे शब्द मात्र अजून फक्त त्या टॅबमध्येच होते, ते दुसऱ्या दिवशी चढवायचे होते. दुसऱ्या दिवशी गप्पीला ताप आला. आजारी मुलाचं तोंड काढून आणणार कोण? म्हटलं, बरी होऊन येईल तेव्हा करू. घरी इंटरनेट नाही. तिचे बाबा ट्रक चालवतात, त्यांच्या फोनवरून टॅबला इंटरनेट मिळतं, आणि ते त्या आठवड्यात लांबच्या फेरीवर होते.

आणि पुढच्या आठवड्याच्या शेवटी थोरल्या बाई निवृत्त होणार होत्या.

सोमवारी सकाळी लहान गटाच्या वर्गातून एक मुलगा टॅब घेऊन माझ्या खोलीत आला आणि तो त्याने माझ्या मांडीवर ठेवला. पडदा कोरा. मागून दुसरी आली, मग तिसरा. कोरे, सगळे कोरे. वर्गात एक मूल त्या कोऱ्या पडद्यावर बोट आपटत होतं, दार उघडत नसलं की आपण त्यावर हात आपटतो तसं. मी आभाळ उघडून बघितलं तर प्रत्येक नावापुढे एकच ओळ: निवृत्त केले.

अध्यक्षकाका दारातच उभे होते, हातात बाईंच्या निरोपाच्या कार्यक्रमाची तयारी. मी विचारलं, काका, तुम्ही काही दाबलंत का.

"दाबलं ना," ते म्हणाले. "सकाळी आल्या आल्या. बाईंच्या नावापुढे सगळी सोय आहे. कुलूप लावा, शोधा, निवृत्त करा. मला फार कौतुक वाटलं, की बघा, यांनी माणसाच्या निवृत्तीचाही विचार केलाय. म्हटलं, नोंद वेळेत झालेली बरी."

"त्याने विचारलं नाही, खात्री आहे का म्हणून?"

"विचारलं. मी बराच वेळ थांबलो होतो तिथे." काकांनी चष्मा काढला. "खात्री कुणाला असते, बाळ. पण त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात. शेवटी हो म्हटलं."

आभाळाच्या भाषेत निवृत्त करणं म्हणजे टॅबमधलं केंद्राचं जे काही आहे ते सगळं पुसून त्याला मोकळं सोडणं. आणि सगळे टॅब बाईंच्या नावावर. मी हे सांगितल्यावर काका भिंतीला टेकले. त्यांच्यावर रागवावंसं मला एकदाही वाटलं नाही, हे आज सांगताना बरं वाटतं. निवृत्त हा शब्द ज्याने त्या पडद्यावर बसवला त्याला काका भेटले नव्हते, एवढंच.

बाकीच्या मुलांचे शब्द आभाळात होते. वेळ लागला असता, पण परत आले असते. मी खाली सरकत सरकत शेवटच्या नावापर्यंत गेले. गप्पी. तिच्यापुढे लिहिलं होतं: प्रलंबित. म्हणजे हुकूम सुटलाय पण पोचलेला नाही, कारण टॅबला इंटरनेट मिळालेलं नाही. मिळालं की पहिली गोष्ट तीच होणार.

मी मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस शांत आणि चांगला होता. त्याने तीनदा तपासून सांगितलं, सुटलेला हुकूम मागे घेता येत नाही. वायरने शब्द काढता येतील का? नाही, तो नियम तुम्हीच लावलाय आणि उठवायचा तर टॅब आधी जोडावा लागेल. मग जोडलाच नाही तर? उद्या आठवडा पुरा होतोय, म्हणाला, तुमच्याच नियमाने तो उद्या कुलूप लावून घेईल.

मी गप्पीच्या आईला फोन लावला. टॅबला इंटरनेट लागू देऊ नका, बाबा आले तर त्यांना फोन बंद करायला सांगा, मी येते. गप्पीच्या आईने कारण विचारलं नाही. बाबा आजच परत येणार आहेत, एवढं सांगून फोन ठेवला.

टेबलावर कोऱ्या टॅबांची चळत होती. मुलांना असं सोडून जायचं कसं. तेव्हा अध्यक्षकाका माझ्या खुर्चीत बसले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, ओळख कशी करून द्यायची ते मला पहिल्यापासून सांग, एकही पायरी गाळू नको. मी सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर एक टॅब करून दाखवला, प्रत्येक सूचना मोठ्याने वाचत, जणू तार वाचतायत. मग म्हणाले, जा आता. मी ढब्बूला उचललं, थोरल्या बाई आधीच चपला घालून जिन्यात उभ्या होत्या, आणि आम्ही निघालो.

गप्पीचं घर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. गप्पी पलंगावर बसलेली, ताप उतरलेला पण तोंड सुकलेलं, आणि आमच्याकडे बघून तिने दोन्ही हात पसरले. टॅब दिसेना. आईने फडताळावरून पिठाचा मोठा स्टीलचा डबा काढला, घट्ट झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेला टॅब.

"यांचा फोन स्वयंपाकघरात लागतच नाही, भांड्यांमुळे असेल," ती म्हणाली. "मग म्हटलं, डब्यात काय जाणार?"

मी एवढी शिकले, पण मला डबा सुचला नसता. मी तिला मिठी मारली, पिठासकट.

थोड्या वेळाने बाबा जिना चढून आले. दारातच मी त्यांचा फोन मागून घेतला, बंद केला आणि मगच त्यांना त्यांच्या घरात येऊ दिलं. बिचारे आठवड्याने घरी आलेले. बायकोकडे बघून त्यांनी नुसती भुवई उचलली. तिने हाताने खूण केली, नंतर सांगते.

करायचं काय ते बाईंनी आणि मी येतानाच ठरवलं होतं. शब्द आतून काढता येत नसले तर बाहेरून घ्यायचे. टॅबने एकेक शब्द म्हणायचा आणि माझ्या फोनवर तो टिपून घ्यायचा. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, बाबांना हलू नका म्हटलं. फोन टिपायला लावून पलंगावर ठेवला. मी पहिल्या चौकोनाकडे बोट नेलं आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

आमच्या केंद्रात नियम कमी आहेत. सगळ्यांत जुना नियम असा की दुसऱ्याच्या टॅबवर बोट ठेवायचं नाही. मूल अडलं तरी नाही, घाई असली तरी नाही. नवीन शिक्षिकेला बाई पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

मी हळूच म्हटलं, बाई, आज तरी. ती झोपली की करू का?

"झोपेत तिच्या तोंडात बोट घालणार का तू?" बाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मग त्या गप्पीजवळ बसल्या आणि तिला सगळं सांगितलं. टॅब कोरा होणार आहे. चूक आमची आहे. तुझा आवाज आम्हाला जपून ठेवायचाय, म्हणून तू सगळं एकदा बोलून दाखवशील का?

गप्पीने विचार केला. टॅब ओढून घेतला. "नको," त्या छोट्या बोबड्या आवाजात ती म्हणाली. मग जरा थांबून, "भूक."

बाईंचा चेहरा उजळला. "दोन झाले," त्या म्हणाल्या. "आई, हिला काहीतरी खायला द्या."

तेव्हा मला कळलं. गप्पी शब्द म्हणून दाखवणार नव्हती. तहान नसताना ती पाणी म्हणणार नव्हती. आपण तरी म्हणतो का? तिच्याशी बोलायचं होतं, आणि असं बोलायचं होतं की तिच्याजवळचा प्रत्येक शब्द तिला आपणहून लागेल.

अशी दुपार मी कधी बघितली नव्हती. ताई शाळेतून आली, तिला कळलं, आणि तिने दप्तर कोपऱ्यात ठेवून ताबा घेतला. आपल्या बहिणीला कुठली कळ दाबायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने गप्पीचं बिस्किट खाल्लं आणि "राग" मिळाला, त्यापाठोपाठ "वाईट" आणि "ताई", असे तिन्ही एका दमात. बाबांनी प्रवासातल्या गोष्टी सांगितल्या: रस्त्यात नदी लागली, डोंगर लागला, रात्री ट्रकखाली मांजर येऊन बसलं. प्रत्येक ठिकाणी थांबून ते विचारत, मग काय असेल तिथे? आणि गप्पी उत्तर देई. आईने पांढरा रुमाल घेऊन कान केले, तेव्हा "शशा" आला आणि आम्ही सगळे तोंडावर हात दाबून हसलो, आवाज होऊ नये म्हणून. मी एका कागदावर आलेल्या शब्दांवर खुणा करत होते.

"दुखतंय" कसा मिळवायचा हे कुणी बोलत नव्हतं. तिला दुखवणार कोण? तो ढब्बूने मिळवून दिला. रांगता रांगता तिने पलंगाच्या पायावर डोकं आपटलं आणि भोकाड पसरलं. गप्पी पलंगावरून खाली वाकली, ढब्बूकडे बघितलं आणि तिच्या वतीने म्हणाली, "दुखतंय." मग स्वतःहून, "शॉरी," पलंग तिचा होता म्हणून. दोन्ही शब्दांमागे माझ्या लेकीचं रडणं टिपलं गेलं. मी तिला उचलून छातीशी धरलं. रडणारं मूल शांत करताना इतकं भरून मला आधी कधी आलं नव्हतं.

ऊन उतरत आलं तेव्हा एकच चौकोन उरला. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, बस. आम्ही काय काय केलं. रस्त्यावरून काय जातं? "गाडी." लाल, मोठी, खूप माणसं असतात ती? "गाडी." बापाच्या ट्रकमुळे चाकं असलेलं सगळं तिला गाडी. मी उभी राहून विचारलं, मी कुठे बसू? तिने सांगितलं, "तिकडे." ताईने तिच्या ताटलीत बिस्किटं वाढत नेली, वाढत नेली, की आता तरी पुरे म्हणेल. गप्पीला ती व्यवस्था आवडली.

शेवटी बाई म्हणाल्या, राहू दे. एवढे आले, एकावाचून अडत नाही. मुलगी दमली आहे. ताई नखं कुरतडत बसली. मला ठाऊक होतं, तिला तो एक शब्दही सोडायचा नव्हता. तो तिचा होता आणि तिच्याकडेही आता नव्हता.

बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला, खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागल्या, खुर्ची फरशीवर मागे सरकली. आई सवयीने म्हणाली, "बाईंना अच्छा कर, बाई चालल्या." हे तिने आजच्यापुरतं म्हटलं होतं. पण केंद्रात कित्येक दिवस निरोपाचंच बोलणं चाललं होतं, आणि जी मुलं तोंडाने बोलत नाहीत ती कानाने काही सोडत नाहीत. गप्पी बाईंकडे बघत राहिली. तिने टॅब मांडीवर सरळ केला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"बश."

बाई तशाच अर्ध्या वाकलेल्या थांबल्या.

"बश," गप्पी म्हणाली. "बश. बश."

बाई बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. ताईने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. तो बंद करायचं मी विसरले होते, तो चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ढब्बू गादीवर झोपली तेवढ्यात मी फोनवरची ती सगळी दुपार कापून तिचे शब्द केले आणि आभाळात चढवले. केंद्र भरलेलं होतं, सगळीकडून बाईंचा आवाज येत होता: पाणी, बाहेर, माझं, दे. काकांनी एकही टॅब सोडला नव्हता. आणि या वेळी प्रत्येक टॅब त्याच्या त्याच्या मुलाच्या नावावर होता. ईमेल नव्हते तिथे काकांनी आदल्या संध्याकाळी घरोघर फोन करून ते काढून दिले होते.

दुपारनंतर गप्पी बाबांच्या ट्रकमधून आली. टॅब केंद्राच्या इंटरनेटला लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत कोरा झाला. तिचा हात माझ्या हातात होता. तो घट्ट झाला. मग त्याची आभाळाशी पुन्हा ओळख करून दिली आणि चौकोन परत उमटू लागले, वायर नाही, काही नाही, ती टॅब स्वतःच्या हातात धरून उभी असताना. आवाज थोडा लांबून आल्यासारखा होता, कारण आता त्यात त्यांच्या खोलीचाही आवाज होता. गप्पीने "ताई" दाबलं. टॅब कानाशी नेला. पुन्हा दाबलं. मग तिने खिडकीकडे बघितलं आणि तिथे बसलेल्या मांजराबद्दल बोलायला लागली, आणि ते पुष्कळ वेळ चाललं.

"बश" या शब्दाआधीचा खुर्चीचा आवाज कापता आला असता. मी ताईला विचारलं. तिने डोकं हलवलं, नको. त्या शुक्रवारी बाईंचा निरोप झाला. बाई अजूनही येतात, पाहुण्या म्हणून, फक्त पाच मिनिटं, असं दारातूनच सांगत. गप्पी टॅबवर बोट ठेवते. आधी खुर्ची सरकते, मग शब्द येतो. नवीन आलेली माणसं खुर्ची कुणी ओढली म्हणून मागे वळून बघतात. बाई बघत नाहीत. त्या बसतात.